घामाघूम नवरदेव

माझ्या देहाची आणि माझी ओळख तशी जुनी, पण घसट अशी कधी झाली नाही. एकाच वाड्यातले दोन भाडेकरू जिन्यात समोरासमोर आले की "काय, बरं आहे ना?" म्हणून आपापल्या खोलीत जातात, तसं आमचं चालत आलं आहे. आरसा मी दाढीपुरता वापरतो. त्यातही गालापलीकडे नजर जाऊ देत नाही.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून आकडे देतो. उंची ५ फूट ३ इंच, वजन ७७ किलो. रंगाच्या रकान्यात लग्नाच्या वेळी वडिलांनी 'निमगोरा' असं लिहिलं होतं. निम म्हणजे अर्धा. उरलेला अर्धा कुठे गेला, असं आमची सौ. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी अधूनमधून विचारते. मी बँकेत कारकून आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाचा फक्त वरचा निम्मा भाग गिऱ्हाइकाला दिसतो, हा आमच्या नोकरीचा एक फायदा आहे. पगाराच्या पावतीत तो कुठे दाखवत नाहीत, एवढंच.

माझ्या पोटावर मी स्वतःच इतके विनोद केले आहेत, की दुसऱ्यांना फारसा वाव उरलेला नाही. लोकांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, म्हणजे त्यांचं भांडवल बुडतं, असा माझा बी. कॉम.चा हिशेब. भंडाऱ्यातल्या लग्नाच्या पंगतीत मी बसलो, की "दोन पाट मांडा रे" असं मीच ओरडून सांगतो. पंगत हसते. मीही हसतो. सगळं कसं खेळीमेळीत चाललं होतं.

त्यात गेल्या जानेवारीत आमच्या लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं.

लेक नववीत. अंगानं, रंगानं आणि उंचीनं ती तिच्या बापावर गेलेली. आवाज मात्र आईचा, म्हणजे गोड. (सौ. हा लेख वाचणार आहे.) स्वागतगीतासाठी मुली निवडताना तिची निवड झाली, तेव्हा घरात पेढे आले. मग तिसऱ्या दिवशी कळलं, की तिनं पडद्याआड उभं राहून माईकवर गायचं आहे. पडद्यापुढे भरजरी लुगडी नेसून ज्या चार मुली उभ्या राहणार होत्या, त्यांनी नुसते ओठ हलवायचे. चौघी गोऱ्या, चौघी सडपातळ. "पाहुण्यांसमोर जरा बरं दिसतं," असं कारण सांगण्यात आलं.

कार्यक्रम छान झाला. पाहुण्यांनी पुढच्या चौघींच्या आवाजाची तोंड भरून स्तुती केली.

त्यानंतर आमच्या घरात बेसनाचा खप वाढला. मला वाटलं, पिठलं असेल. पण ताटात पिठलं येईना, आणि लेकीच्या तोंडावर बेसन दिसायला लागलं. मग तिनं रात्रीचा भात सोडला. भंडारा जिल्ह्यात राहून भात सोडणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरणं. तीन आठवडे असे गेले. एका रात्री मी बातम्या बघत असताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तुमच्यावर का गेले?"

माझ्या जिभेवर विनोद तयार होता. असतोच. पण त्या रात्री तो बाहेर पडेना. कारण एकदम लक्षात आलं, की गेली चौदा वर्षं मी पंगतीत, दिवाणखान्यात, फोनवर माझ्या देहाची जी टिंगल करत होतो, ती ही पोर ऐकत होती. आणि तोच देह तिला वारशानं मिळाला होता. मी स्वतःवर हसत होतो खरा, पण चेक तिच्या खात्यावर फाटत होता.

हिशेबाचा ताळा जुळला नाही, की आम्ही बँकवाले मागची खातेवही काढतो. म्हटलं, हे सौंदर्याचं खातं उघडलं तरी कोणी, ते एकदा बघू. जिल्हा वाचनालय, घरातली जुनी पुस्तकं आणि मोबाईल एवढ्या भांडवलावर मी इतिहास संशोधक झालो.

पहिला सापडला तो बेल्जियमचा एक ज्योतिषी. म्हणजे आकाशातले तारे मोजणारा, पत्रिका बघणारा नव्हे. नाव आदोल्फ केतले. ताऱ्यांवरून त्याची दृष्टी माणसांवर वळली. त्यानं माणसांच्या उंचीचे आणि वजनाचे आकडे गोळा केले आणि १८३५ साली 'सरासरी माणूस' नावाची एक चीज जगापुढे मांडली. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, हे सूत्रही त्याचंच. पुढे १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं सात हजारांवर माणसांची मापं तपासली आणि त्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' असं नवं नाव दिलं. गंमत अशी, की ही सात हजार माणसं झाडून सगळी पुरुष होती. आता त्याच सूत्रानं आमच्या सौ.लाही दवाखान्यात हिशेब द्यावा लागतो. माझा आकडा ३० येतो. आशियाई माणसानं २३ पासूनच सावध व्हावं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे मी सात अंकांनी ओव्हरड्राफ्टमध्ये आहे. ते मला मान्य आहे, आणि त्यासाठी मी रोज सकाळी खांबतलावाकडे फिरायलाही जातो. पण केतलेसाहेबांना एकेकट्या माणसाची कुंडली मांडायचीच नव्हती. त्यांना सगळ्या समाजाची सरासरी काढायची होती. सरासरी म्हणजे काय, हे आम्ही वाणिज्यवाले जाणतो. शाखेतल्या सगळ्या खात्यांची सरासरी शिल्लक जेवढी असते, तेवढी शिल्लक असलेला खातेदार शाखेत एकही नसतो!

मोजण्याचं हे वेड मग आपल्याकडेही आलं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे तर माणसांची नाकं मोजणारे. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण काढून त्यावरून त्यांनी जातींच्या उतरंडी लावायचा प्रयत्न केला. साहेब गेले, पण मुलगी बघायला जाणारी आत्या अजून नाकच बघते.

त्यानंतर १९०५ च्या सुमाराला युजेन सँडो नावाचा पहिलवान हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. ग्रीक पुतळ्यांच्या मापाबरहुकूम यानं स्वतःचं शरीर घडवलं होतं, म्हणतात. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली, तेव्हा पंचांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल बसले होते. त्याचे दंड बघून इथली तरुण मंडळी थक्क झाली. पण इतिहास मोठा मिस्कील असतो. आपल्या भाषेत आता सँडो उरला आहे तो फक्त बनियनच्या नावात. रविवारी सकाळी सँडो बनियन घालून, पोटावर पेपर ठेवून मी गॅलरीत बसतो, तेव्हा त्या पहिलवानाच्या आत्म्याला काय वाटत असेल, ते वाटो.

आणि स्त्रीसौंदर्याचं म्हणाल, तर मराठी मुलखात त्याचा मापदंड एका पुरुषानं घालून दिला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांची भामिनी, त्यांची सिंधू, १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकातली त्यांची रुक्मिणी, म्हणजे आमच्या विदर्भाचीच राजकन्या! त्यांनी शालू कसा नेसला, गजरा कसा माळला, हे बघायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि घरी येऊन तसं करून बघत. म्हणजे खऱ्याखुऱ्या बायका, बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषासारखं दिसण्यासाठी धडपडत होत्या. पुढे बालगंधर्वांचं वय वाढलं, शरीरही सुटलं. तरी ते शालू नेसून उभे राहत आणि जुने रसिक डोळे पुसत. त्यांना कुणी पडद्याआड उभं राहून गायला सांगितलं नाही. मी हे लेकीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ते बालगंधर्व होते, बाबा." मुद्दा बिनतोड होता.

गोरेपणाचं खातं मात्र सगळ्यांत गमतीचं. आमच्या आजीच्या फडताळात अफगाण स्नोची रिकामी बरणी होती, तीत ती सुपारी ठेवायची. मुंबईच्या पाटणवालांचा हा स्नो एके काळी घरोघर होता. मग १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरनं 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणलं आणि सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, लग्न ठरत नाही, पण क्रीम लावलं की विमानाचा दरवाजाही उघडतो, असं आम्हाला वर्षानुवर्षं दाखवण्यात आलं. २००५ साली इमामीनं पुरुषांसाठीही तशीच सोय केली. म्हणजे स्त्री-पुरुष समानता आली ती अशी ट्यूबमधून. पुढे लोक वैतागले. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या परिषदेनं २०१४ साली, काळ्यासावळ्या माणसाला दुःखी आणि अपयशी दाखवू नका, असे नियम केले. २०२० साली कंपनीनं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळ गाळायची चाळणी काढून टाकली. चाळणी गेली, नजर कुठे जाते? 'फेअर' जाऊन 'ग्लो' येणं म्हणजे एनपीए झालेल्या कर्जाला नवं नाव देऊन पुन्हा खात्यावर घेण्यासारखं. ते आम्ही बँकवाले चांगलं ओळखतो.

आता हे पांढऱ्याचं वेड आमच्या जिल्ह्याला कळत नसेल, असं नाही. आमचा जिल्हा धानाचा. तुमसर, मोहाडी, लाखनी, कुठेही जा, राईस मिलचा आवाज येतोच. धान मिलमध्ये जातं, भरडाई होते, वरचा तांबूस कोंडा निघतो आणि पॉलिश होऊन तांदूळ बाहेर येतो तो असा शुभ्र, की जणू लग्नालाच निघाला आहे. जितका पांढरा, तितका भाव. पण याच तांदळानं एकदा मोठा घोटाळा केला होता. १८९० च्या दशकात जावा बेटावर आयिकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगातल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडायला लागल्या आणि पुढे तितक्याच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या मुदपाकातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. मग नवा आचारी आला. "लष्कराचा भात सिव्हिलियन कोंबड्यांना मिळणार नाही," म्हणाला. कोंबड्या पुन्हा सालीच्या तांदळावर आल्या आणि तुरूतुरू धावायला लागल्या! जीवनसत्त्व सगळं त्या काढून टाकलेल्या कोंड्यात होतं. आयिकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. आचाऱ्याला काय मिळालं, ते इतिहासात नाही. कारकुनांचं असंच असतं.

एवढं होऊनही आम्ही तांदूळ पांढराच खातो आणि कोंडा विकतो. आता त्याच कोंड्याचं तेल काढून, हृदयाला चांगलं म्हणून आम्हालाच विकतात. लेकीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कोंडा का?" उपमा आवरायला हवी, हे मला तेव्हाच कळलं.

एका मंगळवारी तिला स्कूटरवर घेऊन मेंढ्याच्या भृशुंड गणपतीला गेलो. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. दुसरा आमच्याच जिल्ह्यात पवनीला आहे. देव लंबोदर, ते तर सगळ्यांनाच ठाऊक. पण भृशुंडी हे एका ऋषींचं नाव. गणपतीचं ध्यान करता करता त्यांच्या भुवयांच्या मधून सोंड फुटली, अशी पुराणात कथा आहे. विचार करा. आपल्या लेकराच्या नाकावर एक पुटकुळी आली, तर घरात मेडिकलची पिशवी येते. इथे चांगल्या माणसाच्या कपाळातून सोंड! आणि ऋषी म्हणाले, वा, देव प्रसन्न झाला. आमचा विठोबा काळा, राम सावळा, कृष्णाचं तर नावच 'काळा', आणि जिच्यासाठी राजे झुंजले त्या द्रौपदीचंही दुसरं नाव कृष्णाच. देवळात आपण या सगळ्यांपुढे वाकतो, आणि बाहेर येऊन 'गोरी वधू पाहिजे' अशी जाहिरात देतो.

पण खरी नोंद सापडली ती महाभारतात, वनपर्वात. आणि तीही आमच्या विदर्भाच्या नावावर.

दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची लेक. राजधानी कुंडिनपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर ते हेच, असं लोक मानतात. तिनं मनानं नलराजाला वरलं होतं. स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देवही आले, आणि चौघांनीही नलाचंच रूप घेतलं. मंडपात एकासारखे एक पाच नल. माळ हातात घेऊन मुलगी गोंधळली. तिनं देवांनाच विनवलं, की तुमच्या खुणा मला दिसू द्या. आणि तिला दिसल्या. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातले हार टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आणि पाचवा? त्याला घाम आलेला, पापण्या मिटत होत्या, हार कोमेजलेला, अंगावर धूळ, पायांखाली सावली.

दमयंतीनं माळ घातली ती त्या पाचव्याला.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. अहो, समोर चार निर्दोष देह उभे आहेत. आजच्या भाषेत फिल्टर मारलेले. आणि आमच्या विदर्भाची पोर घामाघूम झालेला नवरदेव निवडते! घाम हीच त्याची ओळख. पुढे कर्कोटक नाग चावला, नल कुरूप झाला, हात आखूड झाले, बाहुक या नावानं ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करू लागला. तरीही दमयंतीनं त्याला शोधून काढलंच. हातच्या स्वयंपाकाची चव ओळखून. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत बँकेची वीज गेली, की आम्ही सगळे कर्मचारी नल असतो.

आणि मग मला नोव्हेंबर आठवला. नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून मशिनीवर अंगठा ठेवून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायची सोय झाली आहे. गेल्या खेपेला एक आजी आल्या. जन्मभर चिखलात धानाची रोवणी केलेला हात. अंगठ्यावरच्या रेषा घासून पार गुळगुळीत झालेल्या. मशीन काही त्यांना ओळखेना. चार वेळा अंगठा पुसून ठेवला, चार वेळा लाल दिवा. तेव्हा आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी जित्ती आहो ना जी, बाबू! तुमच्या मशिनीले दिसत नाही, तं त्यात माह्या हाताचा का दोष?"

सगळी शाखा हसली. मीही हसलो आणि कागदी फॉर्मवर सही घेतली. पण आता वाटतं, हे वाक्य केतलेसाहेबांपासून आमच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना ऐकवायला हवं होतं. माप चुकलं की आपण मशिनीला दोष देत नाही. लगेच आपला अंगठा पुसायला लागतो. त्या आजींनी पुसला तो फक्त चार वेळा. आम्ही जन्मभर पुसत बसतो.

त्या रात्री जेवताना मी लेकीला दमयंतीची गोष्ट सांगितली, आजींचीही सांगितली. आणि घसा खाकरून हेही सांगितलं, की तुझ्या बापानं स्वतःच्या पोटाची जी थट्टा चालवली होती, ती चूक होती. हे पोट चांगलं आहे. लहानपणी तू त्यावर झोपत होतीस. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "गोष्ट चांगली आहे, बाबा. पण दमयंतीला कुणी पडद्याआड उभं केलं नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून शाळेत गेलो. मला मोठ्यानं बोलता येत नाही. पंचवीस वर्षांत मी कर्ज बुडवणाऱ्यालाही मोठ्यानं बोललेलो नाही. तिथे मी विनोद न करता एवढंच म्हणालो, की आवाज जिचा, तिला पुढे उभं करा. बाई जरा गप्प झाल्या. मग "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. ते त्या बघतील की नाही, ठाऊक नाही. मी मात्र बघणार आहे. तशी नोंद डायरीत केली आहे.

घरी आलो तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. लेकीनं पाण्याचा तांब्या दिला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नलराजा!" त्या रात्री तिनं भात वाढून घेतला. फार नाही, एक वाढी. बेसनाचं पिठलंही बऱ्याच दिवसांनी ताटात आलं.

परवा एका लग्नाला गेलो. सवयीनं "दोन पाट" असं ओठांवर आलं होतं. शेजारी लेक बसली होती. मी वाढप्याला म्हटलं, "एक पाट पुरे, पण भात जरा सढळ हातानं वाढा." पंगत हसली नाही. पंगतीला वाटलं, यांची तब्येत बरी नाही.

तेव्हा माझ्या पोटावरच्या विनोदाचं जुनं खातं मी आता बंद केलं आहे. या लेखात आले असतील ते शेवटचे समजावे. नवे ठेवीदार कृपया दुसऱ्या काउंटरवर जावेत.